हवेचा पाइप

"ह्यातनं जाणार काय?" यन्नमशेठनी विचारलं.

"हवा," आमचे मालक म्हणाले.

"हवा म्हणजे? यंत्रमागाची, पंक्चरच्या दुकानातली, का रंग फवारायची? प्रत्येकीचा पाइप निराळा."

मालकांनी टोपी सारखी केली. शेवटी मी म्हटलं, "श्वासाची. हे पाण्याखाली जातात."

यन्नमशेठनी चष्मा कपाळावर चढवला. आधी मालकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आणि तुम्ही?"

"मी वर बसते. पाइप धरून."

"मग दोघंही आत या," ते म्हणाले. "हे काउंटरवर उभं राहून घ्यायचं काम नाही."

सोलापुरात त्यांचं ते दुकान होतं. जमिनीपासून छतापर्यंत पाइपांची वेटोळी. काळी, पिवळी, निळी, काचेसारखी आरपार दिसणारी. मागवाले, सूत रंगवणाऱ्या रंगखात्यातले लोक, दूध डेअरीवाले, औषध फवारणारे शेतकरी, सगळे तिथं यायचे. आम्ही पहिल्यांदाच आलो होतो. आमचा जुना पाइप मालकांना त्यांच्या उस्तादांनी दिलेला, त्यामुळं नवा घ्यायची वेळच आली नव्हती.

आम्ही भोई. धरण झालं, भीमेचा फुगवटा आमच्या गावाच्या वेशीला लागला, आणि मासे धरता धरता आमचे मालक, निवृत्ती नगरे, पाणबुड्याचं काम शिकले. फुगवट्याच्या काठानं साखर कारखान्यांच्या पाणी उपसायच्या विहिरी आहेत. जॅकवेल म्हणतात. विहिरीच्या तोंडाला पाण्याखाली लोखंडी जाळी असते. तिच्यात जलपर्णी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, तुटकी मासेजाळी, काय काय येऊन अडकतं आणि पंपाला पाणी मिळेनासं होतं. मालक खाली जाऊन ती जाळी मोकळी करायचे. मी होडीत कॉम्प्रेसरशेजारी बसायची. पाइपाचं एक टोक कॉम्प्रेसरला, दुसरं त्यांच्या तोंडात, आणि मधला सगळा पाइप माझ्या हातातून जायचा. एकदा ओढला म्हणजे ठीक आहे, दोनदा म्हणजे सैल सोड, तीनदा म्हणजे वर घे. एवढंच आमचं बोलणं.

त्या वर्षी जुन्या पाइपाला सांध्याजवळ फोड आला. गळवासारखा. मालक म्हणत होते, चालंल अजून. मी म्हटलं, तुम्हाला चालंल, मला न्हाई. म्हणून सोलापूर.

आतल्या खोलीत यन्नमशेठनी आम्हाला बाकावर बसवलं आणि डॉक्टर विचारतो तसं एकेक विचारायला लागले. कॉम्प्रेसरपासून माणसापर्यंत लांबी किती? "लांबी वाढली की हवा वाटेतच दमते. भोक बारीक घेतलं तर खाली माणूस ओढतोय ओढतोय, आणि येतंय थोडंच." उन्हात किती वेळ असतो? दिवसभर. आणि थंडीत? खालचं पाणी पौषात बर्फासारखं असतं, मी म्हटलं. घासतो कशावर? होडीच्या काठावर, बुडीत बाभळींवर. वळतो कुठं? त्यांच्या खांद्यापाशी आणि जाळीच्या कोपऱ्यावर.

"लोक येतात आणि म्हणतात, मजबूत द्या," ते सांगायला लागले. "मजबूत म्हणजे काय? एका रंगखातेवाल्यानं माझ्याकडून आरपार दिसणारा मजबूत पाइप नेला आणि त्यातून उकळतं साबणाचं पाणी सोडलं. दुपारपर्यंत त्याच्या शेवया. पाइप वाईट नव्हता, वैनी. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, तुला गरम चालतं का."

मग त्यांनी हातभर लांबीचे तुकडे आणून आमच्या मांडीवर ठेवले. पहिला आरपार दिसणारा, आत दोऱ्याची वीण असलेला. त्यांनी तो वाकवला तर कोपर मोडावं तसा मुडपला. "वळणावर असा मुडपला की हवा बंद. शिवाय थंडीत लाकूड होतो." मी तोंडाला लावून श्वास घेतला. नव्या चपलेसारखा वास जिभेवर बसला. दुसरा पिवळा, औषध फवारायचा. तो दाब झेलेल, पण त्याचा आतला थर माणसासाठी नाही, असं शेठच म्हणाले.

तिसरा काळा. जाड सालीचा, आत तारेची वीण. मालकांनी तो उचलला आणि खाली ठेवीनात. तळहातावर तोलून बघितला. आमच्या जुन्या पाइपाचा जणू धाकटा भाऊ.

"बुडतो का ह्यो?" त्यांनी विचारलं.

यन्नमशेठना प्रश्न कळला नाही. "म्हणजे?"

"हवा भरल्यावर. पाण्यात बुडतो, का तरंगतो?"

"मला आजवर लोकांनी विचारलं फुटतो का, गळतो का, किती वर्षं जातो. हे कुणी विचारलं नव्हतं." शेठना मौज वाटली. त्यांनी मागच्या अंगणातून बादली भरून आणवली, तुकड्यांच्या दोन्ही टोकांना बुचं मारली आणि पाण्यात टाकले. काळा तुकडा सरळ तळाला गेला. चौथा तुकडा निळा होता, पातळ सालीचा आणि लवचीक. त्याला कसाही वाकवला तरी तो मुडपत नव्हता, आणि तोंडाला लावला तर कसलाच वास नाही. तो पाण्यावर आडवा होऊन तरंगत राहिला.

"काळा द्या," मालक म्हणाले.

मी म्हटलं, "अवो, निळा घ्या की. हलका हाय. काळा तळाला लोळतोय, बाभळींच्या बुंध्यांत गुततोय. ओढून ओढून माझं खांदं जात्यात. निळा वर ऱ्हाईल. दुसऱ्या होड्यांना दिसंल. मलाबी दिसंल, तुम्ही कुठं हाय ते."

"काळ्याची सवय हाय."

"सवय काय, चार दिवसांत लागतीय."

"काळाच."

आमचे मालक हट्टी माणूस नव्हते. घरात काय शिजवायचं, म्हैस कुठल्या बाजारात घ्यायची, लेकीला कुठं द्यायची, सगळं माझ्यावर सोडून मोकळे व्हायचे. त्या दिवशी मात्र तो काळा तुकडा दोन्ही हातांत धरून ते बसून राहिले.

यन्नमशेठनी तो तुकडा हळूच त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्या नाकाशी धरला. आत तेलकट, जळकट वास. "हा मशीनमधल्या तेलाचा आहे," ते म्हणाले. "दाबाला याच्यासारखा दुसरा नाही. पण आतलं रबर तेलासाठी केलेलं आहे. याच्यातून दिवसभर श्वास घेतला तर डोकं चढेल. जुना कसा चालवला तुम्ही, देव जाणे. मागासाठी म्हणून मागितला असता तर दिला असता. आता मला कळलंय, आता नाही देणार."

मालकांनी बादलीतला निळा तुकडा बोटानं खाली दाबून बघितला. मग म्हणाले, "निळ्याला शिसं बांधलं तर? जाळ्याचं शिसं. हातहातभर अंतरावर."

"नका बांधू. मऊ आहे तो. दोरी भिजली की आवळते, आणि तिथं त्याची कंबर बारीक होते. खाली तुमचा श्वास बारीक होईल."

"मग ऱ्हाऊ द्या," मालक म्हणाले. शेठना वाटलं, पाइपच नको म्हणतात. पण त्यांनी निळ्या वेटोळ्याकडं हात केला आणि उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

टेंभुर्णीपर्यंतच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. मी विचारलं, राग आलाय का. नाही म्हणाले. मग एवढं कशाला ताणलं, म्हटलं. "तुला न्हाई कळायचं," ते म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य त्यांनी मला कधी ऐकवलं नव्हतं. मी पण मग तोंड दुसरीकडं केलं.

पौषात कारखान्याचा निरोप आला. गाळप जोरात चाललेलं आणि जॅकवेलचं पाणी निम्म्यावर आलेलं. तिथले इंजिनिअर बिराजदार साहेब आमच्या ओळखीचे होते. भला माणूस. मालक खाली असताना चुकून कुणी पंप चालू करू नये म्हणून ते पंपघराला स्वतः कुलूप घालायचे आणि किल्ली माझ्या ओटीत टाकायचे. "तुम्ही दिल्याशिवाय मी हात लावणार नाही," म्हणायचे आणि जॅकवेलच्या पायरीवर येऊन बसायचे.

सकाळचं ऊन पडलेलं होतं, पण वारा बोचरा. मी कॉम्प्रेसर चालू केला. त्याचा धूर एकीकडं जाईल आणि हवा दुसरीकडून घेतली जाईल अशी होडी फिरवून बांधली. मालकांनी कमरेला शिशाचा पट्टा बांधला, नाकाडोळ्यांवर काच चढवली, निळ्या पाइपाची नळी तोंडात धरली आणि शिडीवरून उतरले. पाणी डोक्यावर मिटलं.

मी पाइप सोडत गेले आणि मला गंमत वाटायला लागली. इतकी वर्षं ते खाली गेले की माझ्या हाती उरायचा नुसता ओढा. कुठं आहेत, काय करतात, काही दिसायचं नाही. बुडबुडे दिसायचे, पण वाऱ्यानं पाणी हललं की तेही हरवायचे. आज मात्र होडीपासून निघालेली निळी रेघ पाण्यावर स्वच्छ दिसत होती. ती सरळ जाळीच्या दिशेनं गेली, तिथं खाली वळली, आणि तिच्या टोकाशी बुडबुडे. थोड्या वेळात जलपर्णीचे लोळ आणि पिशव्या वर यायला लागल्या. काम चाललं होतं. मी मनात म्हटलं, बघा, उगाच नको म्हणत होता.

मग रेघ हलली.

आधी वाटलं, जाळीच्या दुसऱ्या बाजूला निघाले. पण ती जाळीपासून लांब गेली. डावीकडं वळली, एक अर्धा फेरा घेतला, परत आली, जाळीच्या अगदी जवळून गेली आणि तिथं न थांबता भलतीकडंच निघाली. माणूस अंधारात भिंत चाचपत दाराची कडी शोधतो तशी ती रेघ पाण्यावर फिरत होती. मग ती बुडीत बाभळींकडं वळली. तिकडं त्यांचं काही काम नव्हतं.

मी एकदा ओढलं. उत्तर नाही. परत ओढलं. पाइप हाताला जड लागला, पण तो माणसाचा ओढा नव्हता. इतक्या वर्षांत तेवढं कळतं. कुठंतरी फांदीत बसला होता आणि माझी ओढ तिथंच थांबत होती. बुडबुडे एकाच जागी येत होते. येत होते, हा आधार.

"साहेब, खाली या," मी म्हटलं. "होडीत या. हा पाइप धरा, ओढू नका. आणि हे मशीन बंद पडू देऊ नका."

बिराजदार साहेब बुटांसकट होडीत उतरले. "तुम्ही कुठं निघालात?"

मी किल्ली त्यांच्या हातात न देता कमरेला खोचली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि पाण्यात गेले. पोहायला मला कुणी शिकवलेलं आठवत नाही. भोयाच्या पोरी चालायला लागतात तशा पोहायला लागतात. निळ्या पाइपावर हात ठेवून मी बाभळींपर्यंत गेले, छातीत श्वास भरला आणि पाइपाच्या मागं खाली उतरले.

खाली हिरवट, गढूळ उजेड होता. पाइप एका वाळल्या बाभळीच्या दोन फांद्यांमधून आडवा गेला होता. तिथं वाकला होता, पण चपटा झाला नव्हता. त्याच्या खाली, बुंध्याशी, मालक बसले होते. दोन्ही हातांनी बुंधा कवटाळून, डोळे मिटून, वादळात झाडाला धरून बसावं तसे. आजूबाजूचं पाणी अगदी शांत होतं.

मी खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण माझं मनगट धरलं. हात ओळखीचा होता. मी त्यांना वर ओढायला लागले तर ते बुंधा सोडीनात. माझा श्वास संपत आला. छाती फुटायला लागली, आणि ते त्यांना माझ्या मनगटातूनच कळलं असावं, कारण त्यांनी डोळे न उघडता तोंडातली नळी काढली आणि चाचपत माझ्या तोंडात दिली.

मी श्वास घेतला. पाण्याखालचा माझ्या आयुष्यातला पहिला. निव्वळ हवा, कसलाही वास नाही.

मग नळी त्यांना परत दिली. असं दोनदा झालं. मी फांद्यांतून पाइप मोकळा केला, तो त्यांच्या मुठीत दिला आणि बुंध्यावरचं त्यांचं एकेक बोट सोडवलं. वर येताना श्वास कोंडायचा नाही, सोडत यायचं, हे त्यांच्याकडूनच ऐकलेलं होतं. ते आठवून बुडबुडे सोडत मी त्यांना घेऊन वर आले.

होडीत आल्यावर ते भडाभडा ओकले आणि मग फळीला धरून पालथे पडून राहिले. बिराजदार साहेबांनी स्वतःचा रुमाल भिजवून त्यांच्या मानेवर ठेवला. "काय झालं नगरे?"

"पाय मुरगाळला, साहेब. जरा थांबा. परत जातो."

"ते जाणार न्हाईत," मी म्हटलं.

साहेबांनी आमच्या दोघांच्या तोंडांकडं बघितलं. जाळी निम्मी मोकळी झाली होती, तेवढ्यावर दोनचार दिवस निघतील, म्हणाले. मी किल्ली काढून दिली. ते वर पंपघराकडं गेले आणि आम्ही दोघंच राहिलो. कॉम्प्रेसर बंद केला तेव्हा केवढी शांतता झाली.

"कधीपासनं?" मी विचारलं.

त्यांनी मानेवरचा रुमाल दाबून धरला. मग फळीकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "मागल्या थंडीपास्नं. खाली गेलं, डाव्या कानात गार पाणी शिरलं, की सगळं फिरतंय. वर कुठलं, खाली कुठलं, कळत न्हाई. डोळं मिटून कशाला तरी धरून बसायचं. जरा वेळानं ऱ्हातंय."

"आन मग?"

"मग हातानं चाचपायचं. काळा पाइप तळाला पडलेला असायचा. हात टाकला की घावायचा. त्याला धरून जाळीपाशी यायचं, न्हाईतर शिडीपाशी. ह्यो वर जातोय. हात टाकला तर नुसतं पाणी."

दुकानातली बादली माझ्या डोळ्यांपुढं आली. "मग आधीच जाळीपासनं शिडीपतुर दोरी बांधायची हुती."

"बांधली असती. तू इचारलं असतंस, कशाला."

"इचारलंच असतं."

"मग सांगावं लागलं असतं." ते उठून बसले. डोळे लाल झाले होते. "आन काळ्या पाइपाचं एक बरं हुतं. वरनं काय दिसत नव्हतं. म्या खाली आंधळ्यागत फिरतोय, त्ये तुला दिसत नव्हतं. ह्या निळ्यानं आज सगळं दावलं का न्हाई?"

"दावलं," मी म्हटलं.

मी निळा पाइप गोळा करत होते. तो ओला पाइप हातात धरून मला आठवत गेलं, वर्षभरात कितीदा ते घरी आल्यावर उंबऱ्यात थांबून भिंतीला हात लावायचे. मला वाटायचं, दमलेत.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी नळीतून बघितल्याबरोबर सांगितलं. पडद्याला भोक होतं. त्यातून गार पाणी आत जायचं आणि आत तोल सांभाळायची जी जागा असते तिला धक्का बसायचा. "भोक बुजवता येईल," त्या म्हणाल्या. "पण पाण्याखाली आता नाही. आजही नाही, बरं झाल्यावरही नाही." मालकांनी मान हलवली. बाहेर आल्यावर दवाखान्याच्या कट्ट्यावर बसले आणि त्यांनी चपलांचे अंगठे नीट केले, परत काढले, परत नीट केले.

"मासं हायतच की," मी म्हटलं.

"मासं कुठं ऱ्हायलेत," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "त्या दिवशी खाली दोनदा नळी दिली, तर घाबरली न्हाईस."

"घाबरले हुते."

"घाबरलेलं माणूस नळी परत देत न्हाई."

एवढंच बोलणं झालं, पण घरी येईपर्यंत आमचं दोघांचंही ठरलं होतं.

गावाजवळच्या उथळ पाण्यात त्यांनी मला शिकवलं. कमरेएवढ्या पाण्यात बसून श्वास घ्यायचा, मग छातीएवढ्या, मग डोक्यावर. काचेत पाणी शिरलं तर कसं काढायचं. कान दुखला तर लगेच वर यायचं. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मी म्हटलं, आता पुरे. बिराजदार साहेबांकडं ते स्वतः गेले आणि कानाचं खरं काय ते स्वतःच सांगितलं. साहेबांना ते पटलं, पण माझं पटेना. "बाई खाली जाणार. काही झालं तर मी कुणाला काय सांगू?"

"काय झालं तर वर म्या हाय," मालक म्हणाले. "आन साहेब, ही त्या दिवशी मला घेऊन वर आली. तुम्ही हुता की."

साहेबांनी कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडं द्यायला हात पुढं केला, थांबले, आणि मालकांकडं दिली.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं त्या कामावर गेले. निळा पाइप बाद झाला, यन्नमशेठनी तसलाच दुसरा दिला, मग तिसरा. आता खाली जायला माणसं वेगळी असतात आणि त्यांची सामग्री पण वेगळी. मालक जाऊन दोन पावसाळे झाले. कुणी विचारलं की मी कामाच्या बऱ्याच गोष्टी सांगते, पण माझ्यापाशी राहिलेला दिवस तो पहिलाच.

शिडीपासून जाळीपर्यंत आम्ही दोरी बांधली होती. तिला धरून मी खाली गेले. गार पाण्यानं आधी हाडं दुखली, मग सवय झाली. जाळीत तुंबलेली घाण हातानं ओढून काढायला लागले. एका तुटक्या मासेजाळ्यानं बराच वेळ घेतला, ते विळ्यानं कापून काढावं लागलं. मधूनमधून पाइप एकदा हलायचा, मी एकदा हलवायची. परत हलायचा. इतक्या वेळा हलायला लागला की काम होईना. शेवटी तीनदा ओढून मी वर आले. वाटलं, वर काही झालंय.

वर काहीच झालं नव्हतं. कॉम्प्रेसर नीट चालला होता. बिराजदार साहेब पायरीवर चहा पीत होते. मालक होडीत उकिडवे बसले होते आणि त्यांनी पाइप असा आवळून धरला होता की त्यांच्या तळहातांवर वळ उठले होते. ओठ पांढरे. मी होडीच्या काठाला धरून काच वर सरकवली.

"काय झालं?" मी विचारलं.

पाइप न सोडताच ते काठाकडं सरकले. मग म्हणाले, "तू कशी बसत हुतीस गं एवढी वर्सं?"

"जरा सैल धरा," मी म्हटलं. "निम्मी जाळी ऱ्हायलीय."

त्यांनी मान हलवली आणि मुठी उघडल्या. मी काच खाली ओढून परत पाण्यात गेले.